खांब कोठे गाडशात?

“नाना गयात वं, माय…” धुळ्याहून अक्कांचा, नानांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या शाळेत मुलींचा सराव घेत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, “मैदानावर? इतक्या सकाळी?” विभागीय क्रीडा स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. नाना आधीच जाऊन खो-खोची जागा धरून बसले असणार, असंच मला वाटलं. पलीकडे अक्का हुंदके देऊ लागल्या, तेव्हा कळलं.

नाना धुळ्याच्या एका शाळेत खो-खो शिकवायचे, मी जळगावात. स्पर्धेत आम्ही एकमेकांचे वैरी, क्रिकेटपुढे मात्र एक. क्रिकेट आमच्या स्पर्धांत शिरलं ते ‘फक्त एक प्रदर्शनीय सामना’ म्हणून. नानांना तेव्हाच संशय आला. “पाव्हना घरमा, घरधनी ओट्टावर… देखजो तू,” ते म्हणाले होते. आणि तसंच होत गेलं. क्रिकेटला मंडप आला, माइक आला, मग मधलं मैदान आलं. एका वर्षी आम्ही मुलींना जेवायला नेलं, तेवढ्यात आमच्या खांबांचे खड्डे बुजवून वर रोलर फिरवला गेला. आमचा अंतिम सामना पाण्याच्या टाकीमागे, मुरमावर झाला. माझ्या एका मुलीचा गुडघा फुटला, आणि तिकडे माइकवाला चौकारावर शेर म्हणत होता. मला क्रिकेटचा राग नाही, घरी मॅच लागली की मीही भाजी करपवते. पण त्या माइकवाल्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हापासून नानांनी खांब कुणाच्या भरवशावर सोडले नाहीत. सामने संपले की उपटायचे, स्कूटरला बांधून घरी आणायचे. एरवीही ते ओट्यावर भिंतीला टेकवलेले असत आणि दिवेलागणीला नाना ते न चुकता आत घेत. नियोजनाच्या बैठकीत शेवटचा प्रश्न ठरलेला, “ते बठ्ठं ठीक शे. खांब कोठे गाडशात?” लोक हसायचे. “नाना, तुम्ही फार संशयी बुवा!” त्यावर नाना ठणकावायचे, “हाई क्रिकेट खो-खोले खो घाली!” मी हसत नसे. त्यांच्या शेजारी बसून बसून तो संशय माझ्याही अंगात मुरला होता.

परवा अक्कांना भेटायला गेले, तर आयोजकांपैकी दोघे आलेले. फार गोड बोलत होते. इतकं गोड बोलणारी माणसं दिसली की मी आधी आपली चप्पल जागेवर आहे का बघते. नानांच्या नावाने स्मृतिचषक ठेवायचाय, म्हणाले. अक्कांचे डोळे भरून आले.

“कुठल्या खेळाला?” मी विचारलं.

एकाने चहाचा घोट घेतला. “क्रिकेटला. गर्दी तिथेच असते ना, ताई. नानांचं नाव गाजेल. खो-खोच्या जागेची यंदा जरा अडचण आहे… अक्का, तेवढा नानांचा एक फोटो द्या.”

मला रडू फुटलं. संतापाचं की दुःखाचं, कोण जाणे. नाना तिथे हवे होते, एवढंच वाटत राहिलं.

अक्कांनी पदराने डोळे पुसले. “खांब कोठे गाडशात?” त्यांनी विचारलं.

“ते… बघू नंतर,” दुसरा म्हणाला.

“मंग फोटो नही शे,” अक्का म्हणाल्या. हार घातलेला फोटो त्यांच्या डोक्यावरच टांगलेला होता.

ते गेले. नाना गेले त्या सकाळी त्यांनी बाहेर काढलेले खांब ओट्यावर तसेच होते… अक्का उठल्या, एकेक करून दोन्ही खांब आत घेतले आणि दाराला कडी लावली.