पुसट अंगठा

परवा फ्लॅटच्या रजिस्ट्रेशनला अंगठ्याला शाई लागली आणि त्या वासाने घोडबंदर रोडलगतचं एक सारवलेलं अंगण आठवलं. तेव्हा मी एका बिल्डरकडे कारकून होतो. जमीन देणाऱ्या आजींनी करारात एकच अट घातलेली, विहीर बुजवायची नाही. अंगठे झाल्यावर साहेबांनी ती अट गाळून नवं पान टाईप करून घेतलं आणि ते घेऊन मला आजींकडे पाठवलं. मी म्हणालो, "आजी, एक अंगठा पुसट आलाय, परत द्या." "माझाच हात थरथरतो रे, तुला उन्हाचं परत यायला लागलं," म्हणत त्यांनी अंगठा दिला, वर त्याच विहिरीचं गार पाणी दिलं. मी अख्खा तांब्या रिकामा केला. परवा मात्र अंगठा टेकवण्याआधी मी प्रत्येक पान दोनदा वाचलं.