दोन्ही सैन्यं माझीच

लढाईची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही तलवारी उपसल्या असतील. ठेवा परत. आमचं सैन्य पुठ्ठ्याचं होतं, शनिवार पेठेतल्या भाड्याच्या खोलीत.

आयटीतल्या नोकरीसाठी गावाहून आलेलो, ओळखीचं कुणी नाही. पटावर एकट्याने खेळायचे लढाईचे दोन गेम दुकानात होते. एकात शत्रूची चाल पत्ते ठरवायचे, दुसऱ्यात दोन्ही सैन्यं आपणच चालवायची. मी दुसरा घेतला. निदान बोलायला कुणीतरी! शत्रूच्या सेनापतीला घरमालक आजोबांचा आवाज दिला.

"अहो, किल्ला आहे हा, धर्मशाळा नाही!" रविवारी असा गरजलो आणि दार उघडलं. पाहुण्यांना बंदी होती, आजोबा पाहुणा पकडायला आलेले. खोली गेली, वाटलं.

त्यांनी पट निरखला. "एकटेच खेळता?"

"हो."

"लाज नाही वाटत? माझा आवाज काढता, मलाच हरवता, आणि मी पलीकडे भिंतीकडे बघत बसलोय! सरका तिकडे."