साडेसहाशे वॅटचा मामा

मामा कुठलीही वस्तू आधी हातावर तोलून बघायचा. टरबूज असो, कुलूप असो, लग्नात आलेला स्टीलचा डबा असो. उजव्या तळहातावर वस्तू ठेवायची, हात जरा वरखाली करायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. माझी मुलगी प्रज्ञा जन्मली तेव्हा नर्सने तिला बाहेर आणून दिलं ते मामाच्या हातात, कारण मी नेमका चहा आणायला गेलो होतो. थर्मास घेऊन परत येतो तर हे गृहस्थ पोर हातावर घेऊन डोळे मिटून उभे. "पावनेतीन किलो भरन, भाऊजी," म्हणाला. काट्यावर पावणेतीनच भरली. सगळे हसले, मीही हसलो. पण बापाच्या आधी पोरीचं वजन मामाला कळलं होतं, आणि तेव्हापासून जे माझ्या पोटात दुखायला लागलं ते कधी पुरतं थांबलं नाही.

हा मामा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. राहायला अल्लीपूरला, नोकरीला जमीन मोजणीच्या खात्यात. त्याला नाव होतं, पण प्रज्ञा त्याला मामा म्हणते म्हणून आमच्या पिपरी मेघे गावातली सगळी गल्ली त्याला मामा म्हणायला लागली. माझ्याहून मोठी माणसंसुद्धा. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "लोकायचे बांध मोजता मोजता राहूनच गेलं." एवढं बोलून असा मोकळा हसायचा की विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

खात्यातले नकाशे कॉम्प्युटरवर आले तेव्हा मामाला त्या डब्याचा नाद लागला. ऑफिसचं मशीन बंद पडलं की दुरुस्तीवाला येईपर्यंत याला दम निघायचा नाही. उघडून बघायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा. पुढे सुटे भाग आणून स्वतःच मशीन बांधायला लागला, आधी स्वतःसाठी आणि मग जो मागेल त्याच्यासाठी. बांधणावळ म्हणून एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. पार रोहणा गावापासून लोक त्याचा पत्ता शोधत यायचे, आणि तो रविवारी आमच्याकडे असतो हे कळल्यावर थेट माझ्या दारात यायचे. मी दार उघडलं की माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचे, "मामा हाय का?"

आता माझंही ऐका. मी वीज कंपनीत आयुष्य काढलं. उपकेंद्रावर बसून गावंच्या गावं उजेडात ठेवली. कुठल्या फीडरवर किती भार आहे हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि माझ्याच ओसरीवर, माझ्याच खुर्चीत बसून लोक पॉवर सप्लायचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, ज्ञान घ्यायचे कोणाकडून, तर जमीन मोजणाऱ्याकडून. माझ्या जागी तुम्ही असता तर जळला नसता का? मी जळलो.

लोक यायचे ते प्रोसेसरबद्दल विचारायला, चमकणाऱ्या दिव्यांच्या कॅबिनेटबद्दल विचारायला. मामा ते सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ते राहू दे. घरात खानारे कोन कोन हाय ते पहिले सांग." म्हणजे कुठला भाग किती वीज खातो. मग बोटांवर बेरीज. प्रोसेसर एवढा, ग्राफिक्स कार्ड एवढं, पंखे, डिस्क. "आनि पाहुना आला तं? पाहुन्याले पुरलं पायजे. पन पाहुना येईन म्हनून रोज पंगतीचं रांधाचं नाई." ऐकणारा माना डोलवायचा. पॉवर सप्लाय हा कॉम्प्युटरातला सगळ्यात कमी दिसणारा भाग. कोणी पाहुण्यांना दाखवत नाही, म्हणून लोक शेवटी उरलेल्या पैशात घेतात किंवा कॅबिनेटसोबत फुकट आलेला चालवतात. मामा तोच सगळ्यात आधी घ्यायला लावायचा. हे त्याचं बरोबर होतं. ते बरोबर होतं म्हणूनच मला जास्त खुपायचं.

प्रज्ञाला नागपूरला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि घरात मोठा डेस्कटॉप बांधायची गोष्ट निघाली. मी मनाशी ठरवलं की ही आपली वेळ. जेवताना विषय काढला. म्हटलं, पॉवरचं मी बघतो, हजार वॅटचा टाकू, आयुष्यभर बघायला नको. पोरगी भाकरी मोडत म्हणाली, "बाबा, तुमचं लाइनीचं काम येगळं, हे येगळं. रविवारी मामा येऊन राह्यला. त्याले विचारते मी." बरं, मला ती 'तुम्ही' म्हणायची आणि मामाला 'तू'. आमच्या घराण्यात बापाला 'तुम्ही'च म्हणतात, मीही माझ्या बापाला म्हणायचो. पण 'अरे मामा, तू येजो ना लवकर' असं ती फोनवर लाडानं म्हणायची तेव्हा तो मान मला ओझ्यासारखा वाटायचा.

रविवारी मामा आला. चपला काढल्या, पाणी प्यायला आणि फरशीवरच मांडी घातली. प्रज्ञा त्याच्या गुडघ्याला टेकून बसली. माझ्या गुडघ्याला टेकून ती कधी बसली होती, मला आठवेना. बेरीज झाली, पाहुण्यांचं झालं आणि मामा म्हणाला, "साडेसहाशे. चांगल्या कंपनीचा. त्याहून एक वॅट जास्त नाई."

"हजार काऊन नको?" मी पेपरामागून विचारलं.

"हजारही चालते, भाऊजी. पन तेवढ्याच पैशात हजार घेतला तं हलका माल मिळन, अन् साडेसहाशे घेतला तं खरा. डब्यावर वॅट कोनीबी लिहिते." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "बरं, दुपारी कूलर चालू झाले का इथं व्होल्टेज किती पडते?"

मी सांगितलं. नुसता आकडा नाही, कारण सांगितलं, कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर भार आहे ते सांगितलं, संध्याकाळी किती चढतं तेही सांगितलं. मामा मन लावून ऐकत होता. "पाह्यलं प्रज्ञा?" तो म्हणाला. "हे दुकानदार नाई सांगू शकत, मी नाई सांगू शकत. हे फक्त भाऊजी सांगू शकते." प्रज्ञाने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मला इतका आनंद झाला की पेपर उलटा झाला. आणि दुसऱ्याच क्षणी कळलं, रडणाऱ्या पोराच्या हातात गोळी ठेवावी तसा मामाने तो आनंद माझ्या हातात ठेवला होता. तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीनं माझ्याकडे कौतुकानं बघावं, तर तेही मामाच्या परवानगीनं!

मी हट्टाला पेटलो. त्याच आठवड्यात कोणाला न सांगता नागपूरला गेलो आणि हजार वॅटचा पॉवर सप्लाय घेऊन आलो. खोक्यावर आगीचे लोळ काढलेले, पंख्यात निळे दिवे. किंमतही अगदी बेताची, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. दुसऱ्या रविवारी मामा आणि प्रज्ञा त्यांचा साडेसहाशे घेऊन यायच्या आधी मी माझा टेबलावर मांडून ठेवला. प्रज्ञाने आधी खोकं बघितलं, मग मामाकडे. मामाने तो हातावर घेतला. हात वरखाली केला. एवढा भपकेबाज माल, पण वजन नव्हतं त्याच्यात. मलाही आणताना ते जाणवलं होतं, फक्त मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

मामाने डोळे उघडले. आता निकाल येणार. तो म्हणाला, "भाऊजी, हा मले देता का? विहारात पाहिजेच होता एक."

त्याने काय करावं? अल्लीपूरच्या बुद्धविहारात गाडीतला एक जुना ॲम्प्लिफायर पडून होता, बारा व्होल्टवर चालणारा. तो त्याने माझ्या पॉवर सप्लायवर चालवला. तेवढ्या हलक्या कामाला तो उत्तम पुरला. जयंतीला आम्ही गेलो तर बुद्धवंदना त्याच्यावर सुरू, आणि मामा माईकवरून सांगतोय, "हे आमच्या भाऊजीनं दान देलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका आजीबाईने माझ्यासमोर हात जोडले. या माणसाने मला धड चूकसुद्धा करू दिली नाही, तिचं पुण्य करून टाकलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? शिवी द्यायला तोंड उघडावं तर तो आपल्याच नावाने टाळ्या वाजवतो.

पुढची वर्षं अशीच गेली. साडेसहाशे वॅटवर प्रज्ञाचं मशीन चाललं, तिची डिग्री झाली, पुण्याला नोकरी लागली, मशीनही तिच्यासोबत पुण्याला गेलं. फोन यायचा. माझ्याशी बोलणं म्हणजे जेवले का, गोळ्या घेतल्या का, आईला द्या. मामाशी अर्धा अर्धा तास. तो रविवारी आमच्याकडे असला आणि तिचा फोन त्याला आला की मी आतल्या खोलीत पेपर घेऊन बसायचो. एक ओळ वाचत नव्हतो. काय बोलतात ते ऐकायचो. ओसरीवर लोकांना तो काय सांगतो तेही ऐकायचो, शब्द न् शब्द. त्याच्यात असं काय आहे ते मला शोधून काढायचं होतं.

मागच्या वर्षी, पोळ्याच्या जरा आधी, मामा गेला. शेतात मोजणी सुरू असताना छातीत कळ आली, साखळी धरलेल्या माणसाला "जरा बसतो बे" म्हणाला आणि धुऱ्याच्या बांधावर बसला तो उठला नाही.

पुण्यानुमोदनाला विहाराच्या अंगणात माणूस मावत नव्हता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पंचशील झालं आणि लोक एकेक उठून बोलायला लागले. रोहण्याची एक मुलगी म्हणाली, मामांनी बांधलेल्या मशीनवर अभ्यास करून मी अधिकारी झाले. एक म्हातारा म्हणाला, त्यानं माह्या बांधाचा तंटा मिटवला. आणि हे सगळं ज्या भोंग्यातून ऐकू येत होतं तो माझ्या हजार वॅटवर चालला होता. माझाच पॉवर सप्लाय दिवसभर मामाचं गुणगान करत होता आणि एकदाही बंद पडला नाही.

प्रज्ञा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. हुंदके आवरत नव्हते तिचे. मी बाजूला बसून तिच्याकडे बघत होतो, आणि माझ्या मनात काय आलं असेल? आलं, की ही माझ्यासाठी एवढी रडेल का? गेलेल्या माणसाच्या नावानं जमलेल्या लोकांत बसून मी ते मोजत होतो. मामावर माझाही जीव होता, हे मला तिथंच कळलं. पण जळणं त्यानं कमी झालं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी प्रज्ञाचा फोन आला. तिने आईला द्या म्हटलं नाही. साडेसहाशेचा पॉवर सप्लाय शेवटी गेला होता. तिने दुसऱ्या कंपनीचा नवा आणला होता आणि कॅबिनेट उघडून बसली होती.

"बाबा, मामानं आतले वायर इतके सुंदर बांधले हायत," ती म्हणाली. "मले ते सोडावंसे नाई वाटत. जुने वायर तसेच ठेवते अन् फक्त डबा बदलते. नव्याले ते फिट बसून राह्यले, मी पाह्यलं लावून." मग म्हणाली, "मामा असता तं काय म्हनला असता?"

मला विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा या विषयातलं मला विचारलं होतं, आणि विचारलं होतं ते मामाचं मत.

"बटन दाबलं नाई ना अजून?" मी विचारलं. नाही म्हणाली. म्हटलं, "मग ते वायर काढ. सगळे."

ती हळू आवाजात म्हणाली, "हे तुमी म्हनून राह्यले का मामा म्हनला असता?"

पोरगी मूर्ख नाही. बापाच्या मनात काय आहे ते तिला कायम माहीत होतं, हे मला त्या एका प्रश्नात कळलं. मामाच्या हाताची शेवटची खूण मीच काढायला सांगतोय, असं तिला वाटलं तर त्यात तिचा काय दोष? आणि तिने माझं न ऐकता बटण दाबलं असतं तर तिचं सगळं काम ज्या डिस्कवर होतं ती जळली असती.

मी डोळे मिटले आणि ओसरीवर हिंगणघाटच्या एका पोराला मामाने एकदा जे सांगितलं होतं ते जसंच्या तसं म्हटलं. "टोक सारखं दिसते म्हनून फसू नको रे बावा. डब्याच्या बाजूनं हरेक कंपनीची वाट येगळी. जिथं पाच व्होल्ट जायाचे तिथं बारा जाते, अन् डिस्क बसते रडत. डबा बदलला का त्याचे वायर त्याच्यासंगच घराबाहेर. जीव नाई लावाचा वायरले."

पलीकडे ती रडत रडत हसली. "हो," म्हणाली, "अस्साच म्हनला असता." आणि कात्रीचा आवाज आला. वायर बांधलेली एकेक पट्टी ती कापत होती, मला ऐकू येत होतं.

मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. माझ्या तोंडून बोलला तरी ऐकलं तिनं मामाचंच. मी फोन बायकोकडे द्यायला उठलो, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, झाले सगळे काढून. आता नवे कुठून सुरू करू?"

मी खुर्ची ओढून पुन्हा बसलो.

"थांब," म्हटलं, "सांगतो. मामा पहिले सगळ्यात जाडा वायर लावायचा."