बाळंतिणीचं पाणी

१९५८ साल. मी बावीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीत सोडली होती, पण अंगात रग होती आणि कोणाचं मुकाट्यानं ऐकून घेणं मला जमत नव्हतं. अजूनही जमत नाही.

हे लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. मागच्या महिन्यात नातसून बाळंत झाली. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आली, तर आमच्याच घरातल्या एका शहाण्या बाईनं बाळाच्या तोंडात मधाचं बोट घातलं. म्हणे, दूध नीट उतरू द्या आधी. मी ओसरीतून असा ओरडलो की बाळच रडायचं थांबलं. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला काय कळते बायकांच्या कामातलं. मला काय कळते ते लिहून ठेवतो. वाचायचं त्यानं वाचावं.

पुसदहून उमरखेडकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव. कापसाचं वावर, एक बैलजोडी, एक गाय. बाप लवकर गेला म्हणून कारभार मायच्या हातात. मोठा भाऊ, वहिनी, मी, माझी बायको, सगळे तिच्या धाकात. माय वाईट बाई नव्हती. हे आधीच लिहितो, कारण पुढे मी तिच्यावर चिडणार आहे.

त्याच्या दोन वर्षं आधी आम्हाला पहिली मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी असते, तसं ते माहेरी झालं. मी पाहायला निघणार तोच सांगावा आला की लेकरू गेलं. सासूनं सांगितलं, अंगचंच अशक्त होतं. याच्यापुढं पुरुषानं विचारायचं नसते.

दुसऱ्या खेपेला बायको आमच्याच घरी बाळंत झाली. ऐन वेचणीचे दिवस. मोठ्या खोलीत कापसाची गंजी आढ्याला टेकली होती आणि तिच्या पलीकडे, कुडाच्या भिंतीआड, बाळंतिणीची अंधारी खोली. बाज, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर. पुन्हा मुलगीच. बारशापर्यंत नवऱ्यानं त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, असा आमच्याकडचा नेम. मी बाहेरूनच विचारलं, माय म्हणाली सगळं बरं आहे, आणि मी वावरात गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापसाची गाठोडी घेऊन गाडी घरी आणली. गंजीवर गाठोडं रिकामं करत होतो तर कुडापलीकडून लेकराचा आवाज आला. आदल्या दिवशी तिनं टाहो फोडला होता. आता आवाज बारीक झाला होता, तेल न घातलेल्या चाकासारखा. मी बाहेर आलो. माय अंगणात बसली होती. समोर वाटीत गुळाचं पाणी, हातात नव्या कापसाची वात.

"माय, काहून रडून राह्यली वो थे?"

"भूक लागली असन. देऊन राह्यली ना गुळाचं पानी."

"तिच्या मायले दूध नाही आलं का?"

"आलं. पन तीन दिस देत नसतेत. पिवळं असते थे, चिकट, नासकं. लेकराच्या पोटात गाठ होते. उद्या सांजेले चांदनी निंगाली की पाजू. तू गाडी खाली कर."

माझं डोकं तिथंच फिरलं. म्हटलं, "मागच्या महिन्यात गाय व्याली तवा तूच मले वासरू उचलून थानाले लावाले लावलं. चीक पेल्याबिगर वासरू उभं नाही राहत, कोन म्हनलं व्हतं? तूच ना?"

"गायीले इटाळ असते का रे? जनावराचं बाईले लावून राह्यला! बांधू का मंग तुह्या बायकोले गोठ्यात?"

वहिनी ओट्यावर तूर पाखडत होती, ती तोंडाला पदर लावून हसली.  मला कोणी हसलं की माझ्या डोक्यात जाळ होतो. तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "पानी द्या वो कोनी."

"दिले ना सकाळी दोन घोट," माय तिथूनच ओरडली. "बाळंतिनीनं पानी पेलं की पोट सुटते. सुंठ चघळ."

म्हणजे ओव्याचा धूर, खालून शेगडी, खायला कोरडी भाकर, आणि प्यायला सकाळचे दोन घोट! बैलाला असं ठेवलं असतं तर गावानं मला जोड्यानं मारलं असतं. आणि याच बाया चार दिवसांनी म्हणणार होत्या, हिच्या अंगावर दूधच नाही, शेळी पाहा.

मी कुडाजवळ गेलो. दिवसाउजेडी, घरच्यांसमोर बायकोशी बोलायची रीत नव्हती. तरी बोललो. म्हटलं, "लेकरू पीत नाही का?"

ती कुडाजवळ सरकली. मग म्हणाली, "पहिलीलेबी असंच केलं व्हतं."

"कसं?"

"माह्यी चोळी वली होये. माह्यी माय दूध पिळून भिताडावर टाके. म्हने चांदनी निंगू दे. चांदनी निंगाली, तवा थे तोंडच उघडे ना." आणि म्हणाली, "मले वाटलं तुमाले मालूम हाय."

मला मालूम नव्हतं. दोन वर्षं मी अंगचं अशक्त, अंगचं अशक्त असंच सगळ्यांना सांगत फिरलो होतो. माझी लेक दूध असताना उपाशी गेली होती, आणि ते दूध भिंतीनं पिलं होतं. भिंतीनं! 

मी रांजणातून गडवा भरला आणि खोलीकडे निघालो. माय उठली. "पाय टाकू नको! आतमंदी पाय टाकू नको, सांगून राह्यली!" मी टाकला. शेगडी पायानं बाजूला सारली आणि गडवा बायकोच्या हातात दिला. ती एका दमात प्याली. पाणी घशातून उतरताना ऐकू येत होतं. दारातून मायनं कपाळावर हात मारला. "बाटवलं घर! बाटवलं!"

"पाज आता," मी बायकोला म्हटलं.

तिनं लेकरू घेतलं, पण छाती दगडासारखी झाली होती. लेकरू तोंड लावे, सोडे, मान फिरवून पुन्हा ते बारीक रडणं. मी म्हणत होतो असं धर, तसं धर, आणि मला काडीचं समजत नव्हतं.

माय म्हणाली, "पाह्य. लेकरालेबी समजते नासकं."

मग वहिनी आली. सूप बाजूला ठेवून, पदर खोचून सरळ आत आली. "भावजी, सरका तिकडे. वखर हाकून राह्यले का इथं?" तिनं फडकं शेगडीवर गरम केलं, छाती शेकली, हलक्या हातानं दाबून चार थेंब काढले, तेच पिवळे, चिकट, आणि बोटानं लेकराच्या ओठाला लावले. लेकरानं ओठ चाटले. मग तिनं लेकराला बायकोच्या पोटाशी पोट लावून आडवं धरलं. "नुसतं टोक नको देऊ. मोठं तोंड उघडू दे, मंग लाव. हं, असं."

मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. रडणं थांबलं. मग गटक, गटक असा आवाज.

"तुले कोनं शिकवलं हे?" मायनं विचारलं.

वहिनीनं वर पाहिलं नाही. "मी माह्या धाकल्या पोट्ट्याले पहिल्याच दिशी पाजलं व्हतं, आत्याबाई. पदराखाली. तुमी वावरात गेल्या का पाजो. चांदनी निंगाली तवा तुमच्यासमोर पहिल्यांदा पाजल्यावानी केलं."

तिचा पोरगा, दीड वर्षाचा, अंगणात कोंबडीच्या मागं धावत होता. मायनं त्याच्याकडे पाहिलं.

मला आनंद व्हायला हवा होता, पण माझा राग दुप्पट झाला. "अन सांगतलं काहून नाही? दोन दिस लेकरू रडून राह्यलं अन तुमी तूर पाखडत बसल्या! मघा तर हासल्या!"

"तुमच्या बायकोले मी काल सकाळीच सांगतलं. थे भेते तुमच्या मायले. मी काय करू?" वहिनी म्हणाली. "तुमी मरद मानूस. उंबरा वलांडला तर चार बोलनं खासान. मी तोंड उघडलं असतं तर तुमच्याच भावानं मले गाडीत बसवून माहेरी सोडलं असतं. चिडा, बाप्पा, चिडा. चिडनं तुमाले परवडते."

 एका घरात तीन बाया. एक सांगे, एक लपवे, एक भ्याली होती. आणि कुडाच्या अलीकडे आम्ही दोघं भाऊ कापूस मोजत होतो. कोणावर चिडायचं? मायवर चिडावं तर तिला तिच्या सासूनं सांगितलं. त्या सासूला आणखी कोणी. मी कोणालाही सोडलं नाही, सगळ्यांवर चिडलो. आता जे मधाचं बोट घालतात, जे पहिल्या दिवशी डब्याचं दूध आणून ठेवतात, त्यांच्यावरही चिडतो.

माय हार खाणारी नव्हती. संध्याकाळी सगळ्यांसमोर तिनं सांगून टाकलं, "त्यानं इटाळ कालवला. आता बाळंतिनीले पानी पाजाचं तं त्यानंच आनाचं. माह्या रांजनाले, माह्या घागरीले हात नाही लावाचा. माह्या चुलीजवळ नाही याचं." वहिनीकडे वळून म्हणाली, "अन तू बी नाही आनाचं." भाऊ ताटाकडे पाहत जेवत राहिला.

तिला पक्कं माहीत होतं ती काय बोलते ते. आमच्याकडे पुरुष मोट हाकेल, बैलांना नाल्यावर नेईल, पण डोक्यावर घागर घेऊन विहिरीवरून येणार नाही. मेला तरी येणार नाही. माझा तोरा तिला ठाऊक होता, तिनंच वाढवला होता. दोन दिवसांत हा पाया पडेल, असं तिनं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोची आंदणातली पितळेची घागर काढली. तिच्यात सरकी भरली होती, ती पोत्यात ओतली, घागर घासली. डोक्याचं मुंडासं सोडलं, त्याची चुंबळ केली आणि विहिरीवर गेलो.

विहिरीवर साऱ्या गावच्या बाया. एक म्हणाली, "काय हो, तुमच्या घरी बाळंत कोन झालं? तुमी का थे?" दुसरी म्हणाली, "कंबर सांभाळा, कच्चं अंग हाय." सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "दोर सोडा इकडे." पाणी शेंदलं, घागर डोक्यावर घेतली. गावातून चालत आलो, पारावरच्या चार जणांसमोरून, उघड्या डोक्यानं, मान ताठ ठेवून, कारण मान हलली की पाणी सांडते.

बाजेजवळ मडकं होतं, त्यात पाणी ओतलं. गडवा भरून बायकोसमोर धरला, ती प्याली. लेकरू छातीशी लागलं होतं.

बाहेर आलो तर माय दारात. नाक वर करून म्हणाली, "सरकीचा वास येते त्या घागरीले. राखेनं घासली का?"

"पान्यानं घासली."

"पान्यानं जाते का थे?"

 मी तिच्या समोरून स्वयंपाकघरात गेलो, तिच्या चुलीतली मूठभर राख उचलली. तिनं अडवलं नाही. अंगणात बसून घागर पुन्हा घासली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि दुसऱ्या खेपेला निघालो.