आबांना ऐकू येणारा आवाज

आबांना, माझ्या वडिलांना, माझा आवाज ऐकू येत नाही. तीस-बत्तीस वर्षं ते कडोदऱ्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात होते. त्या खडखडाटाने त्यांचे कान हळूहळू नेले, आणि नेताना बारीक आवाज आधी नेले. डॉक्टरांनी समजावलं होतं, जाड आवाज थोडाफार पोचेल, बायकांचा आणि लहान मुलांचा अवघड. कानातलं यंत्र घेऊन दिलं तर ते म्हणाले, याच्यातून फक्त पंखा ऐकू येतो. ते कपाटात पडून आहे. आई होती तोवर ती हातवारे करून आमच्या दोघांमध्ये बोलणं पोचवायची. बहिणी आधीच सासरी गेल्या होत्या; आई गेल्यावर पांडेसऱ्याच्या त्या दोन खोल्यांत मी आणि आबा, आणि मध्ये नुसते इशारे. जेवा. गोळी. दार लावा.

मी मराठी शाळेत शिकवते. इथे परराज्यात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या एका छोट्या मासिकात लेखही लिहिते. आबांना मोतीबिंदूमुळे ते वाचता येत नाहीत. तरी अंक आला की ते हातात घेतात, माझ्या लेखाचं पान विचारतात आणि त्यावरून बोट फिरवतात. ते पाहिलं की मला बसवत नाही. मी उठून काहीतरी आवरायला लागते.

शाळेतल्या एका शिक्षिकेने मला मोबाइलवर एक ॲप दाखवलं. लेख टाकायचा, की एआय त्याचा पॉडकास्ट करून देतं. मी चलथाणच्या साखर कारखान्याच्या वासावरचा एक जुना लेख टाकला. चहा होईस्तोवर एक बाई आणि एक पुरुष माझ्या लेखाविषयी गप्पा मारायला लागले. बाई म्हणाली, "किती सुंदर निरीक्षण आहे ना!" पुरुष हसला. मी कधी न लिहिलेली एक उसाची गाडीही त्यांनी मध्ये आणली. मला लाज वाटली, रागही आला. तरी रविवारी दुपारी मी फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि आबांच्या खाटेजवळ ठेवला.

आबा बराच वेळ ऐकत राहिले. मग आपल्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ एकलाच का बरं हासस?"

त्यांना बाई ऐकूच येत नव्हती. पुरुष मात्र येत होता. 

त्या दिवसापासून मला चैन पडेना. शाळेतून आले की पर्स खांद्यावरून न काढता मी आवाज तपासत बसायची. हा घाईत बोलतो, तो जाहिरातीसारखा, तिसरा नाकात. शेवटी एक भरदार, संथ आवाज सापडला. गप्पा नकोत, लेख जसाच्या तसा वाच, असं सांगायचीही सोय निघाली. तो लेखातल्या अहिराणी शब्दांवर अडखळायचा, पण आबा त्याला मोठ्याने दुरुस्त करायचे आणि वर हसायचे. कित्येक वर्षांनी मी त्यांना हसताना ऐकत होते, आणि ते हसणं माझ्यासाठी नव्हतं.

"कोठला शे हाऊ मानूस? धुळ्याकडला वाटस," एकदा त्यांनी विचारलं.

मी बोटांनी खुणा केल्या, माणूस नाही, मशीन.

"मशीन आशी बोलत नही," आबा म्हणाले. "माले मशीन म्हाईत शे."

मी बोलले असते तरी ते पोचणार नव्हतं.

एका दुपारी मी बाजाराचा लेख लावून भाकरी करायला गेले. तो संपला आणि मी फोनमध्ये सरसकट भरून ठेवलेल्या लेखांतला पुढचा आपोआप सुरू झाला. पहिलं वाक्य कानावर आलं आणि माझा हात तव्यावरच थांबला. तो लेख आबांवर होता. अंकात छापून आला होता, पण ते वाचू शकत नाहीत या भरवशावर मी तो लिहिला होता. परक्या पुरुषाच्या गंभीर आवाजात माझी वाक्यं येत होती. वडील घरी आले की आम्ही बहिणी आवाज बारीक करायचो. ते आमच्याशी बोलत नसत. त्यांना मुली नकोच होत्या, असं मला कित्येक वर्षं वाटत आलं.

मी दारात येऊन उभी राहिले. बंद करायला हवं होतं. पिठाचे हात तसेच धरून मी ऐकत राहिले. भाकरी करपली.

लेख संपला. आबांनी मान वळवली. "हाई तू लिखं?"

मी मान हलवली.

"मी बोलत नव्हतू असं नही, माय. घर उनू तरी कानमा लूम चालूच ऱ्हाये. तुमनं तोंड हाले, आवाज ये नही." त्यांनी कानावरून हात फिरवला. "तुम्हीच मन्हाशी बोलतस नही, असं माले वाटे."

मी हात पुसले, फोन घेतला आणि उभ्यानेच टाइप केलं. मशीनने त्या भरदार आवाजात विचारलं, "आबा, तुम्हाला मुलगा हवा होता का?"

त्यांनी उत्तर दिलं ते स्पीकरकडे बघत. मी बाजूला उभी होते, तरी स्पीकरकडेच. मला तो डबा उचलून फेकावासा वाटला. पण आबा बोलायला लागले होते, आणि एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी महिन्याचीही नव्हते तेव्हा ते मला टॉवेलात गुंडाळून खात्यात घेऊन गेले होते. सोबतच्या कारागिरांना दाखवायला. सगळे माग चालू होते. मी रडले नाही. झोपून राहिले. लोक एकेक करून येऊन बघून गेले. मुकादम ओरडला, तोही काय ओरडला ते कुणाला ऐकू गेलं नाही. घरी आल्यावर आईने दोन दिवस अबोला धरला, पोरीचे कान जातील म्हणून.

"मंग परत लई गऊ नही," आबा म्हणाले. "पन दखाडी उनू ना सगळास्ले." परत नेलं नाही, पण सगळ्यांना दाखवून तर आलो, असं म्हणताना त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं. मी खाटेच्या कडेला बसले, परत उठले. आत जाऊन करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

आता रोज दुपारी मी टाइप करते, तो आवाज बोलतो आणि आबा त्याला उत्तर देतात. मध्ये मी माझाच आवाज मशीनमध्ये भरून जाड करून पाहिला. आबांनी दोन वाक्यं ऐकली आणि हात झटकला. "हाऊ नको. पहिला लाव." मी पहिला लावला. शेजारणीला ते सांगतात की, माझ्या मुलीचं लिहिलेलं एक भला माणूस रोज वाचून दाखवतो. शेजारीण माझ्याकडे बघते. मी नुसती मान डोलावते, आणि आत जाऊन नसलेलं काम शोधते.