हायब्रिडविरोधी पत्रक

माझं वाचन पत्रकांवर झालं. वडील चळवळीतले, उरलेल्या पत्रकांवर आमच्याकडे भाजी निवडली जायची आणि मी 'जाहीर निषेध' वाचत शेंगा सोलायचो. एखादी गोष्ट नुसती बोलूनही सांगता येते, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या उन्हाळ्यात आईनं गाडी घ्यायचं ठरवलं. ती वळसंगच्या शाळेत शिकवते. एसटीच्या पायऱ्या चढताना तिचा गुडघा दुखायचा, म्हणून पन्नाशीत ती गाडी चालवायला शिकली. शाळा उघडायच्या आत गाडी हवी, एवढीच तिची मागणी होती. इलेक्ट्रिक की हायब्रिड, हा वाद माझा.

"इलेक्ट्रिकच. हायब्रिड म्हणजे एक पाय बॅटरीवर, एक पेट्रोलपंपावर. निव्वळ तडजोड."

"तिला प्लग लागत नाही," आई म्हणाली. "चालता चालता बॅटरी भरते. तुझी कुठं भरायची? दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडू?"

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात गाडी शिरत नाही. बोळाच्या तोंडाशी राहणाऱ्या शेजारच्या काकांच्या अंगणात मात्र जागाही होती आणि प्लगही. काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांना विचारायला आईनं मला आठ दिवस दिले.

मी विचारलं नाही. पत्रक काढलं. 'बोळातील जागरूक बंधुभगिनींनो' अशी सुरुवात, मग हायब्रिडवाल्यांच्या दुतोंडीपणावर दीड पान, आणि प्लगची विनंती मागच्या बाजूला तळाशी. घरं बावीस, प्रती शंभर. वडील म्हणाले, भाषा चांगली आहे.

संध्याकाळी काका कागद घेऊन वर आले. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं नुकतीच हायब्रिड घेतली होती. मला ते ठाऊक नव्हतं.

"वहिनी, हितं दुतोंडी लिवलंय. त्ये माझं पोरगं, का मी?"

"टीका व्यक्तीवर नाही काका, प्रवृत्तीवर आहे," मी म्हणालो.

"प्रवृत्ती येती की दर शनवारी. मोहोळला थांबून भजी खाती." त्यांनी कागदाची घडी घातली. "प्लग पायजे हुता तर हाक मारायची. घ्या की प्लग. न्हाय कोण म्हणतंय?"

ते गेल्यावर आई माझ्याकडे वळली.

"त्यांनी दिला. पण रोज त्यांच्या अंगणात गाडी लावताना मी कुठं बघू? तुला काय, तुला चालवताही येत नाही."

तिनं हायब्रिड घेतली.

शाळा उघडली त्या दिवशी ती एकटीच निघाली. मी शेजारी बसलो की बोलतो, म्हणून मला नेलं नाही. गाडी बोळाबाहेर रस्त्यावर उभी होती आणि तिच्यापुढं कुणीतरी सायकली आडव्या लावल्या होत्या. त्या मी एकेक करून उचलल्या. गाडी बॅटरीवर, आवाज न करता निघून गेली. पेट्रोलचं इंजिन पुढं कुठंतरी सुरू झालंच असेल. मला ते ऐकू आलं नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध काही लिहिता आलं नाही.