विनायकरावांच्या चाली

बुद्धिबळ खेळणारी माणसं तासन्‌तास तोंड उघडत नाहीत. तरी आमच्या तिघांच्या खोलीतले किस्से इतके झालेत, की घरच्यांना वाटतं आम्ही तिथं गप्पाच मारायचो. मी बडनेऱ्याला रेल्वेत बुकिंग क्लार्क. रशीदभाईंचं तिथंच टेलरिंगचं दुकान. विनायकराव भातकुलीकडचे, कापूस पिकवणारे. दर रविवारी मोटरसायकलनं यायचे. दुकानामागच्या खोलीत आमचा पट मांडलेला.

रशीदभाईंच्या मुलीनं कॉम्प्युटरवर ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, शिकवणारा व्हिडिओ कोर्स लावून दिला. त्यातला मास्तर समजावता समजावता मधेच थांबायचा आणि इंग्रजीत विचारायचा, "आता तुमची चाल?" आपण माउसनं सोंगटी हलवायची. चुकलं की पुन्हा.

पहिल्याच दिवशी मास्तर थांबला. विनायकराव पडद्याला म्हणाले, "थांब न बाप्पा. पाहून राहिलो."

रशीदभाईंनी एकच चूक चारदा केली. मास्तरनं चारही वेळा तितक्याच शांतपणे समजावलं. भाईंनी माउस सोडला. "माह्या उस्तादानं दुसऱ्याच वेळी कैची फेकून मारली असती. याले राग काहून येत नाही?"

अकोल्याच्या स्पर्धेला विनायकराव बारा चाली पाठ करून गेले. समोरच्या बँकवाल्यानं तिसरीच चाल कोर्सबाहेरची खेळली. विनायकराव उठून माझ्याजवळ आले.

"हे तं मास्तरनं सांगतलंच नाही. आता?"

"आता आपल्या डोक्यानं खेळा."

डाव बरोबरीत सुटला. परतताना बसमध्ये ते बडनेऱ्यापर्यंत तोच डाव सांगत होते.

त्या साली कपाशी वरून हिरवीगार होती, पण बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. रविवारी मास्तरनं विचारलं, "या डावात धोका कुठे आहे?" विनायकरावांनी माउसला हातच लावला नाही.

"बोंडाच्या आत," ते म्हणाले.

 त्या दिवशी कॉम्प्युटर लवकर बंद केला.

पुढच्या हंगामात तोंडाला फडकं बांधून ते स्वतःच फवारणी करत होते. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांना दिसेना. अमरावतीला नेलं. तिसऱ्या दिवशी गेले. माती देऊन आलो तेव्हा भाई दुकानाच्या पायरीवर नुसते बसून राहिले. शटर उघडलंच नाही.

मग दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. एका रविवारी गेलो, तर भाई कॉम्प्युटरपुढे बसलेले. कोर्समध्ये प्रत्येकाचं आपल्या नावाचं वेगळं खातं असतं. शिकलेल्या चाली कोर्स ठरावीक दिवसांनी पुन्हा विचारतो आणि उत्तर दिलं नाही की त्या तुंबत जातात. पडद्यावर विनायकरावांचं खातं उघडलेलं होतं.

"त्याच्या लय बाकी राह्यल्या होत्या," भाई म्हणाले आणि एकेक उत्तर देत गेले. मी शेजारी बसलो.

एका ठिकाणी त्यांनी उंट काढला. तिथं घोडा हवा होता, आणि ती चाल भाईंना तोंडपाठ होती.

"भाई, चुकलं."

"मालूम आहे," ते म्हणाले. "इथं तो उंटच काढते."